केरबा ढोबळ्याच्या मधुमेहाची प्रतिनियुक्ती

केरबा ढोबळ्याचा मधुमेह तांबरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षक म्हणून प्रतिनियुक्तीवर गेला, आणि जाताना केरबाच्याच जुन्या चपला घालून गेला.

गावात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. कारण साधं होतं. औषधं देणाऱ्या आणि रक्त तपासणाऱ्या माणसांना जुनाट आजार कसे सांभाळायचे ते शिकवा, असा वरून हुकूम आला होता. आधी शहरातले एक साहेब येऊन गेले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवायची म्हणून खोलीत अंधार केला, आणि अंधार झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. घोरणं व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होतं. मग वर कुणाला तरी शहाणपण सुचलं. आजाराचं आजारालाच विचारा, मध्ये साहेब कशाला, असं ठरलं. प्रत्येक केंद्रानं आपल्या हद्दीतला एक अनुभवी आजार निवडावा. तो एकाच घरात बरीच वर्षं नांदलेला असावा, त्यानं घरच्या माणसाचा डोळा किंवा पाय घेतलेला नसावा, आणि त्याला चारचौघांत बोलता यावं.

तांबरवाडीत आजार पुष्कळ, पण कामाचे थोडे. सरपंचाचा रक्तदाब मुलाखतीला आला, पण त्याला बसायला बिनहाताची खुर्ची दिली म्हणून तापला आणि चहा न घेता निघून गेला. पारू गुरविणीचा दमा स्वभावानं चांगला होता, पण एका वाक्यात तो इतका थांबायचा की कारकुनाला वाटायचं बोलणं संपलं. पोस्टातल्या नानांचा संधिवात केंद्राची पायरी चढायला तयार नव्हता. राहिला केरबाचा.

गणपती उठल्यावर एका सकाळी डॉक्टर निरगुडेबाई स्वतः केरबाच्या घरी आल्या. बरोबर औषधांच्या खिडकीवर बसणारा शकील मुलाणी होता.

"आबा, तुमचा आजार काही दिवस द्यायचाय," बाई म्हणाल्या.

"द्यायचा म्हंजे?"

"शिकवायला. काम झालं की परत."

"सरकारनं नेलेलं परत आल्यालं मी तरी बघितलं न्हाई."

"लेखी देतो की," मुलाणी म्हणाला. "त्याला जाण्यायेण्याचा भत्ता पण आहे."

"आन् मला?"

"तुम्हाला काय पायजे आबा? तेवढे दिवस तुम्ही बरे."

हे केरबाला पटलं. त्यानं सही केली. मधुमेह त्याच्या अंगातून उतरला, दोन्ही गुडघे वाकवून बघितले आणि दारामागं चपला हुडकायला लागला. अंगानं तो सुटसुटीत होता, उंचीला केरबाच्या खांद्याएवढा, आणि बोलणं कानाशी येऊन बोलल्यासारखं हळू. इतकी वर्षं दुसऱ्याच्या पायांनी फिरल्यामुळं पहिल्यांदा उंबरा ओलांडताना तो अडखळला.

"नीट जा," केरबा म्हणाला. "तिथं माझं नाव घालवू नको."

"न्हाई दादा," मधुमेह म्हणाला आणि मुलाणीच्या मोटरसायकलवर मागं बसून गेला.

पहिले काही दिवस केरबानं चैन केली. बाजारच्या दिवशी तो जिलबीच्या गाड्यापाशी उभा राहिला तो गाडा रिकामा व्हायच्या बेतात आल्यावर हलला. हॉटेलात बसून त्यानं चहात दोन दोन चमचे जादा साखर मागितली. लोक विचारायचे, आबा, चालतंय का? तो म्हणायचा, ज्याला चालत नव्हतं तो नोकरीला लागलाय.

पण जिलबी किती दिवस गोड लागणार. एका सकाळी केरबा उठून चुलीपुढं बसला आणि त्याला कळेना, आता काय करायचं असतं. रोज या वेळी मधुमेह म्हणायचा, दादा, मेथीचं पाणी. आज कुणी काही म्हणालं नाही. पितळी वाटी पालथी होती ती पालथीच राहिली. केरबानं तिच्याकडं बघितलं आणि त्याला गेलेल्या बायकोची, तानूची आठवण आली, ती आली ती जेवणापर्यंत गेली नाही.

केरबाची हयात बांधकाम खात्याचा रोड रोलर चालवण्यात गेली. शाळा तिसरीत सुटली होती, पण रोलर चालवायला वाचता यावं लागत नाही. रोलर माणसाच्या चालीनं चालतो. तानू दुपारची भाकरी घेऊन यायची, आणि तो जेवून पुन्हा वर चढला की शेजारून चालत बोलत राहायची. धडधड एवढी की तिचं निम्मं बोलणं खडीखाली दाबलं जायचं. तरी ती बोलायची. तांबरवाडीपासून फाट्यापर्यंतचा रस्ता असा झालेला आहे.

मधुमेह त्याच रस्त्यावर आला. रोलरच्या चाकांवर मारायला पाण्याची टाकी असते, त्यातलं पाणी केरबा पिऊन संपवायला लागला. चाकं कोरडी पडून डांबर चिकटायला लागलं, तेव्हा मुकादमानं शिव्या देऊन त्याला दवाखान्यात धाडलं. संध्याकाळी केरबा घरी आला तो मधुमेहाला घेऊनच. तानू दारात उभी राहिली. दोघांना तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आलाय तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पण माझ्या घरात माझ्या रीतीनं ऱ्हावं लागंल."

तेव्हापासून तो तिच्या रीतीनं राहिला. ज्वारीची भाकरी, भात सणापुरता, कारल्याचा रस नाक धरून. साखरेचा डबा तिनं घासून त्यात मोहरी भरली. संध्याकाळ झाली की म्हणायची, "चला, त्याला फिरवून आणू," आणि तिघं कॅनॉलच्या कडेनं कुंभारमळ्यापर्यंत जाऊन यायची. ती पुढं, केरबा मागं, आणि मधुमेह कुठं असायचा ते सांगायला नको. भांडणं व्हायची ती भाकरीच्या आकारावरून. तानू वारली त्यानंतर घरात तिच्या रीतीनं बोलणारा हा एकटाच राहिला होता. तोही आता केंद्रात खुर्चीवर बसला होता.

म्हणून केरबा केंद्रावर गेला. आत सोडलं नाही, तेव्हा मागच्या खिडकीशी उभा राहिला.

आत आसपासच्या गावांतले औषध देणारे आणि रक्त काढणारे बसले होते, आणि टेबलामागं मधुमेह, अंगावर शाल पांघरून. तो चांगला शिकवत होता, हे केरबाला मान्य करावं लागलं. भाषाही धुवून घेतल्यासारखी झाली होती.

"मुलाणीभाऊ," मधुमेह म्हणाला, "माणूस तुमच्या खिडकीशी आला की काय विचारता?"

"गोळ्या संपल्या का म्हणून विचारतो."

"तो काय म्हणतो?"

"संपल्या म्हणतो."

"संपलेल्या नसतात. फडताळात असतात. चार दिवस बरं वाटलं की माणूस गोळी सोडतो, आणि तुम्ही रागावाल म्हणून बोलत नाही. उरल्या किती, असं विचारा. आणि विचारताना जरा हसा."

मुलाणीनं प्रामाणिकपणे सांगितलं की खिडकीवर बसून हसायची आपल्याला सवय नाही. मग तुकडीतल्या सगळ्या औषधवाल्यांनी चहाच्या आधी हसण्याचा सराव केला. काहींना जमलं.

केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या वैजयंता कुंभार उठल्या. त्यांनी विचारलं, "उपाशीपोटी आपण कसे असता?"

"शांत. जरासा उदास," मधुमेह म्हणाला. सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. "आता मी विचारतो. आकडा सांगताना तुम्ही कुठं बघता, मॅडम?"

"कागदाकडं."

"मी कागदात राहत नाही."

खिडकीबाहेर केरबाचा ऊर भरून आला. आपल्या अंगात एवढं शहाणं माणूस राहत होतं आणि आपण त्याला नुसतं मुतायला उठवतो म्हणून शिव्या देत होतो, असं त्याला वाटलं.

एवढ्यात पेढ्यांचं ताट आलं.

आमच्याकडं सत्काराशिवाय कार्यक्रम होत नाही. शाल, नारळ, आणि मग तुकडीतल्या सगळ्यात जुन्या माणसानं पाहुण्याला स्वतःच्या हातानं पेढा भरवायचा. पाहुण्यानं तो नको म्हटला तर भरवणाऱ्याच्या गावाचा अपमान होतो. तुकडी रोज नवी यायची, आणि एका गावचा पेढा दुसऱ्या गावाला चालत नाही, म्हणून जो तो आपल्या गावचा घेऊन यायचा. एका तुकडीनं बासुंदी आणली होती. मधुमेह गरीब स्वभावाचा. तानूच्या घरात त्याला कुणी आग्रह केला नव्हता, त्यामुळं आग्रहाला काय उत्तर द्यायचं ते त्याला ठाऊकच नव्हतं. तो तोंड उघडायचा. समोर सगळे साखर मोजणारे आणि साखरेच्या गोळ्या देणारेच बसलेले होते, पण सत्कार हा त्यांच्या खात्याचा विषय नव्हता.

"आरं, त्याला गोड काय चारताय?" केरबा खिडकीतून म्हणाला.

तुकडीतल्या एका पोक्त माणसानं मागं वळून बघितलं. "आजोबा, पाहुणे आहेत."

"पाव्हणा कसला, मधुमेह हाय त्यो."

"असू द्या. आधी पाहुणे."

त्यांनी खिडकी लावून घेतली.

मुदत संपली तेव्हा केरबा त्याला न्यायला गेला. मधुमेह निरगुडेबाईंच्या खोलीत बाकावर बसला होता आणि बाक भरला होता. गळ्याला घड्या पडल्या होत्या. केरबाच्या चपला त्याला होईनाशा झाल्या होत्या, त्यानं त्या पायांशी ठेवल्या होत्या.

"काय रं हे?" केरबा म्हणाला.

"मान राखावा लागतो दादा," मधुमेह म्हणाला. आवाज सुद्धा जाड झाला होता.

तरी त्यांनी करून बघितलं. केरबा भिंतीला हात लावून उभा राहिला आणि मधुमेह आत शिरायला लागला. कमरेपर्यंत गेला आणि अडकला. केरबाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, जीभ कोरडी ठाक पडली. निरगुडेबाईंनी आणि मुलाणीनं मधुमेहाला बगलेत धरून बाहेर ओढलं.

"असा घेतलात तर आठवड्यात तुम्हाला जिल्ह्याला न्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "तिथून पुढं कुठं, ते मी बोलत नाही."

त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं. मूळ धारक आजार परत घेण्यास असमर्थ असल्यास, आजारास जिल्हा प्रशिक्षण केंद्रात कायम करण्यात यावे. वसुबारसेपर्यंत तो पूर्ववत झाला तरच धारकास द्यावा.

बाईंनी ते वाचून दाखवलं आणि चष्मा काढला. "आबा, खरं सांगू? तुमचा फायदाच आहे. यासाठी लोक नवस करतात. जाऊ दे की त्याला."

"जाऊ दे?"

"तुम्ही बरे झालात."

"बरा हून करू काय?" केरबा म्हणाला. "घरात मी एकटा. तानूला ओळखणारं त्या घरात आता ह्योच. तिची भाकरी ह्यानं खाल्ली, तिच्या शिव्या ह्यानं खाल्ल्या. मला एखादी गोष्ट आठवली न्हाई तर मी कुणाला विचारू, चुलीला?"

निरगुडेबाई वयानं लहान होत्या आणि लहान माणसाला असं काही ऐकल्यावर कुठं बघावं ते कळत नाही. त्यांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"प्रशिक्षणाचा प्रात्यक्षिक भाग बाकी आहे," त्या म्हणाल्या. "याला पूर्ववत करायचं, हाच तो भाग धरू."

असं ते प्रात्यक्षिक सुरू झालं. मधुमेहाचा मुक्काम औषधांच्या खोलीत, खोक्यांच्या मागं. मुलाणी रोज सकाळी खिडकीतून त्याला हसून विचारायचा, काल काय खाल्लं, आणि खरं उत्तर येईपर्यंत हसत राहायचा. वैजयंताबाई त्याचं बोट टोचायच्या आणि आकडा त्याच्या तोंडाकडं बघून सांगायच्या. पहिल्या दिवशी आकडा ऐकून मधुमेह स्वतःच घाबरला. एवढा मी नव्हतो हो, म्हणाला. भाकरी केरबा घरून आणायचा. कारल्याचा रसही त्यानंच काढला, पण बियांसकट वाटला म्हणून तो कुणालाच पिववेना. त्याला काहीच येत नव्हतं. तीस वर्षं त्याच्या आजाराचं तानूनं बघितलं होतं, त्यानं नुसतं तोंड उघडलं होतं.

"बिया काढून मीठ लावून ठेवायची वहिनी," मधुमेह म्हणाला. "मग पिळायची. आधी न्हाई."

"मग बोलायचं की तवाच."

"तुम्ही विचारलं कुठं."

पण दुखणं वेगळंच होतं. मुदत वाढली होती, म्हणून प्रशिक्षणही अजून चालू होतं. दुपारी तुकडी यायची, शाल यायची, ताट यायचं, आणि सकाळी उतरलेलं दुपारी चढायचं. केरबानं बाईंना सांगितलं, पेढे बंद करा. बाईंनी तसं पत्रक काढलं. तुकड्यांनी ते वाचलं आणि पेढ्यांऐवजी गुलाबजाम आणले.

संध्याकाळी केरबा मधुमेहाला कॅनॉलवर न्यायचा. मधुमेह धापा टाकत मागं राहायचा.

"चल की लौकर. हत्ती झालायस निस्ता."

"दादा, खरं सांगू का," मधुमेह एकदा थांबून म्हणाला. "मला तिथं खुर्ची आहे. लोक उठून उभे राहतात. तुमच्या घरी मला कुणी शाल घातली?"

"तुला थंडी कधी वाजली?"

"तसं नव्हे. मान."

"तानूनं तुझ्यासाठी साखरेचा डबा घासून ठिवला. तिनं सोता गोड सोडलं. सणाला सुद्धा जिभंवर ठिवलं न्हाई. एवढा मान तुला कुणी दिला?"

पाण्यात एक लाकूड वाहत चाललं होतं, ते दिसेनासं होईपर्यंत मधुमेहानं बघितलं.

"सोडलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"गोड. वहिनीनं सोडलं नव्हतं. रोज दुपारी तुमची भाकरी पोचवून परतली की शेजारी यमुना सुतारणीकडं जायची. तिथं कपभर चहा प्यायची, गोड मिट्ट. मग चूळ भरायची, पदरानं तोंड पुसायची, आणि घरी यायची. तुम्ही रिटायर झाल्यावर दळण न्यायच्या निमित्तानं जायची."

केरबा उभा राहिला. "तुला कसं ठावं? तू तर माझ्यात."

"संध्याकाळी आपण घरी आलो की वास यायचा. साखरेचा वास मला येणार न्हाई तर कुणाला येणार? ती भाकरी थापायला बसायची आणि मला वाटायचं, आज साखर जास्त पडलीय."

"आन् मला बोलला न्हाईस?"

"तुम्ही भांडला असता. भांडण झालं की मी वाढतो."

केरबा कॅनॉलच्या कट्ट्यावर बसला. त्याला दळण आठवलं. घरात दोन माणसं आणि दळण दर दोन दिवसाला कसं काय लागतं, असं त्यानं एकदा विचारलं होतं. तानू म्हणाली होती, पीठ ताजं लागतं तुमच्या आजाराला. तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं धोतराच्या सोग्याला पुसलं.

"तुमच्या आजाराला," तो म्हणाला. "काय बाई होती."

"उठा दादा. अजून कुंभारमळा लांब आहे," मधुमेह म्हणाला, आणि त्या दिवशी तो पुढं चालला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी प्रयोगशाळेत गेला आणि वैजयंताबाईंना म्हणाला, मला त्या ताटाचं काहीतरी सांगा. मला नको म्हणता येत नाही.

वैजयंताबाईंनी सुई ठेवली. "आमच्याकडं पाहुण्याला नको म्हणायला एकच कारण चालतं," त्या म्हणाल्या. "ते सांगितलं की कुणी आग्रह करत नाही. वाढणारी बाई उलट वाईट वाटून घेते आणि ताट मागं नेते."

"कुठलं?"

वैजयंताबाईंनी सांगितलं.

दुपारी तुकडी आली. सत्कार झाला, शाल घातली. सगळ्यात जुना माणूस कंदी पेढा दोन बोटांत धरून पुढं आला. मधुमेहानं हात जोडले.

"नको," तो म्हणाला. "मला मधुमेह आहे."

त्या माणसानं लगेच हात मागं घेतला. "माफ करा साहेब. माहीत नव्हतं," तो म्हणाला. तुकडीत हळहळ पसरली. एकानं विचारलं, किती वर्षं झाली? मधुमेह म्हणाला, जन्मापासून. दोघातिघांनी मान हलवली. कुणीतरी त्याच्यासाठी काकडी कापून आणली. त्यानंतर एकाही तुकडीनं त्याला गोड दाखवलं नाही. नवी तुकडी आली की आधीची तुकडी फाटकातच सांगायची, गोड आणू नका, त्यांना शुगर आहे.

मग तो उतरायला लागला. बाकावर दुसऱ्याला जागा व्हायला लागली. गळ्याच्या घड्या गेल्या. मुलाणीला आता खिडकीवर सवयीनं हसू यायचं, आणि गावातली माणसं फडताळातल्या गोळ्या रुमालात बांधून आणून दाखवायला लागली होती. वैजयंताबाईंपुढं बोट धरलेली माणसं आकडा ऐकून लगेच निघून जाईनाशी झाली. बसायची, आणि पुढं काय, असं विचारायची. निरगुडेबाईंनी वर कळवलं, प्रात्यक्षिक समाधानकारक.

वसुबारसेला जिल्ह्याहून गाडी आली. साहेब नव्हते, नुसता ड्रायव्हर आणि लखोटा. गावात गायींची पूजा चालली होती, त्यामुळं गर्दी नव्हती. बाईंनी मधुमेहाचं वजन करून घेतलं.

"पूर्ववत आहे," त्या म्हणाल्या. "पण नियमानं मला विचारावं लागतं. आपली इच्छा काय? जिल्ह्याला कायम व्हायचं, की मूळ जागी?"

केरबा दारापाशी उभा होता. तोंडातून शब्द काढायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं. हातातली टोपी मात्र त्यानं पार पिळून काढली होती.

"खुर्ची तिथं कशी आहे?" मधुमेहानं विचारलं.

"फिरती आहे म्हणे. गादीची."

"चांगलं आहे." त्यानं दाराकडं बघितलं. "जिल्ह्याला कॅनॉल आहे का?"

"नाही. बाग आहे. फरशी घातलेली."

"मग नको," मधुमेह म्हणाला.

ड्रायव्हरनं लखोट्यावर पोच घेतली आणि गाडी वळवली. मुलाणीनं मधुमेहाचा हात हातात घेतला आणि, साहेब, येत जा, असं म्हणाला, मग आपण काय बोललो ते कळून नुसताच हसला. वैजयंताबाईंनी केरबाला सांगितलं, महिन्यातून एकदा उपाशीपोटी यायचं, विसरायचं नाही.

"मी विसरीन," केरबा म्हणाला. "ह्यो न्हाई विसरायचा."

तो भिंतीला हात लावून उभा राहिला. मधुमेह आत गेला. खांद्यापाशी थोडा आवळला, मग बसला. केरबानं दोन पावलं टाकून बघितली. जिभेवर जुनी चव आली. पायाच्या तळव्यांना जुन्या मुंग्या आल्या, त्या कुठल्या बोटापासून सुरू होणार ते त्याला आधीच ठाऊक होतं.

"जागा हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय दादा," मधुमेह आतून म्हणाला. बोलणं पुन्हा घरचं झालं होतं. "डाव्या बाजूला जरा घर केलंय जिलबीनं. चालून जाईल."

घराकडं जाताना केरबा आपल्या दारावरून पुढं गेला आणि यमुना सुतारणीच्या ओसरीवर जाऊन बसला. इतक्या वर्षांत तो तिथं कधी बसला नव्हता. यमुनाबाई गायीचा नैवेद्य आटपून हात पुसत बाहेर आली. त्याला बघून ती दारातच थांबली.

"केरबा भावजी. वाट चुकला व्हय?"

"चा कर," केरबा म्हणाला.

यमुनाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. त्याला कळलंय हे तिला कळलं. ती आत गेली. स्टोव्हचा आवाज आला, मग बंद झाला.

"साखर घालू का?" तिनं आतून विचारलं. "म्हणत्यात, तुमचा गेला."

"न्हाई. आलाय."

ती कप घेऊन बाहेर आली. कपाला कानाशी एक बारीक चीर होती. "ह्योच असायचा तिचा," ती म्हणाली. "ती पलीकडं बसायची. खांबाला टेकून."

केरबा सरकून खांबाला टेकून बसला. चहा बिनसाखरेचा, कडू होता. त्यानं एक घोट घेतला आणि थांबला, आतल्याला चव बघायला वेळ द्यावा म्हणून.

"बरोबर हाय का?" त्यानं हळू विचारलं.

"वासावरनं सांगतो, वहिनी जास्त वेळ उकळून घ्यायची," मधुमेह म्हणाला.

केरबानं तसं यमुनाबाईला सांगितलं. ती कप घेऊन आत गेली आणि चहा पुन्हा स्टोव्हवर ठेवला.